हन्नानं अडवलेला हार

सोनईच्या ख्रिस्ती देवळापुढच्या लिंबाखाली सुगीच्या उपकारस्तुतीचं कीर्तन रंगात आलं होतं. याकोबबुवा पाळक खरे, पण हातात चिपळ्या आल्या की माणूस वेगळाच व्हायचा. प्रभूचं नाव असं आळवायचा की ऐकणाऱ्याचं काळीज लोण्यासारखं मऊ व्हावं. शेजारी आठ वर्षांची मरिया झांज धरून उभी होती. आज मात्र तिची आई हन्ना मऊ झाली नव्हती. पुढच्याच रांगेत, झेंडूच्या हाराची परडी मांडीवर घेऊन ती ताठ बसली होती.

लढाई संपली, बोटी पुन्हा सुटू लागल्या, तशी आफ्रिकेतल्या मोंबासाच्या रेल्वे कारखान्यातून नवऱ्याची, योहानची चिठ्ठी आली होती: दोघी या. हन्नाचा पासपोर्ट झाला. मरियाच्या अर्जावर मात्र ‘या मुलीला मी जातीनं ओळखतो’ असं मामलेदारानं नाहीतर पाळकानं लिहून द्यायचं होतं. नेवाशाचे मामलेदार म्हणाले, मी पोरीला कधी पाहिलेलं नाही, तुमच्या पाळकांना गाठा. आणि पाळक महिनाभर एकच म्हणत होते, “उद्या ये गं, हन्ना.”

त्या ‘उद्या’मागं कोण आहे, हे तिला ठाऊक होतं. थोरला दीर थॉमस मंडळीचा पंच. पोरगी इथं राहिली तर भाऊ कधीतरी परत येईल, या आशेवर त्यानं पाळकांचा हात धरून ठेवला होता.

आणि आज बुवांनी आख्यान लावलं तेही नेमकं शास्त्रातल्या हन्नाचं! नवसानं झालेला मुलगा शमुवेल तिनं मंदिरात नेऊन ठेवला, इथवर कथा आली. बायांनी डोळ्यांना पदर लावले. थॉमस हन्नाकडे वळून म्हणाला, “ऐकलंस नव्हं? नावाला तरी जाग.”

कथा अर्ध्यावर आली की पंचानं बुवांना हार घालायचा आणि मगच आख्यान पुढं न्यायचं, ही तिथली रीत. थॉमसनं हात पुढं केला. हन्नानं परडी पदराखाली घेतली.

“दे की हार!”

“न्हाई देत.”

“काय गं हे? कीर्तन खोळंबलंय.”

“माझी पोर महिना झाला खोळंबलीय, भावजी.” हन्ना उठून उभी राहिली. “त्या हन्नानं लेकरू देवाच्या घरी ठेवलं. तुमचं घर लई चांगलं हाय, पण ते देवाचं न्हाई.”

मंडळीत खसखस पिकली. थॉमसचे कान लाल झाले.

“आन् बुवा, तुमी अर्ध्यावर का थांबला? पुढचं मी सांगते. ती माऊली दरसाल लेकरासाठी नवा झगा शिवून घेऊन जायची. मी मोंबासाहून झगा घेऊन दरसाल कशी येऊ? समुद्रावरनं चालत?”

“हन्ना, कीर्तनात वाद नको,” बुवा हळूच म्हणाले.

“वाद न्हाई, एकच इचारते. ही झांजवाली कोण?”

बुवांनी मरियाकडे पाहिलं. झांज छातीशी धरून पोर त्यांच्याकडेच टक लावून बघत होती. देवाचं नाव घेणाऱ्या तोंडाला तिथं खोटं कसं बोलवणार?

“योहानची मरिया,” ते म्हणाले. “बाप्तिस्म्याचं पाणी मीच घातलंय हिच्या डोक्यावर.”

“मग लिवा तसं.”

“आत्ता? कीर्तनात?”

“कीर्तनातच. उद्या तुमी पुन्हा ‘उद्या’ म्हणाल.”

कमरेला खोचलेला अर्ज तिनं पेटीवर पसरला. कुणीतरी शाळेतून दौत-टाक आणला. बुवांनी घाम पुसला, सावकाश ओळ लिहिली आणि खाली सही केली.

थॉमसचा आवाज उतरला होता. “योहान परत आलाच न्हाई तर गं?”

“तर तुमी या. तुमचा अर्ज मी भरीन.” मग परडी त्याच्यापुढं धरून ती म्हणाली, “घाला आता. मान तुमचाच हाय.”

थॉमसनं हार घातला. परत फिरताना मरियापाशी थांबून तो पुटपुटला, “तिकडं गेल्यावर ताल चुकू नगंस.”

बुवांनी चिपळ्या उचलल्या आणि सरळ झग्यापासूनच पुढचं आख्यान धरलं. मरियानं झांज कडाडून वाजवली. शाई ओली होती. हन्नानं अर्ज घडी न करता दोन्ही हातांनी उघडा धरला, मागच्या रांगेलाही दिसेल असा.