मौनाधिपतीची अकरा चित्रे

वरच्या जबड्याची कवळी मधोमध दुभंगून आली होती. पुठ्ठ्याच्या लहानशा डब्यात, ओल्या कापसात गुंडाळलेली. भाच्याने तिचे दोन्ही तुकडे चिमट्याने टेबलावर ठेवले आणि सवयीने सोबतची चिठ्ठी उलगडली. रुग्णाचे नाव वाचले आणि चिमटा हातातच राहिला. ते नाव तो वयाच्या नवव्या वर्षापासून वाचत आला होता. चित्रकथेच्या शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत.

"काय रे, कवळी चावली काय?" पलीकडच्या टेबलावरून मामा म्हणाले.

"मामा, हे मौनाधिपतीवाले चित्रकार आहेत."

"तुझा तो मुखवट्यातला राक्षस?" मामांनी चष्मा कपाळावर ढकलला. "म्हणजे राक्षसाच्या जन्मदात्याचे दात आपल्या हातात आले. विचार त्यांना, राक्षसाला दात किती असतात ते. तू छत्तीस काढतोस. मी मोजलेत."

मामांच्या लॅबमध्ये खोल्या दोनच होत्या. एकीत प्लास्टर, दुसरीत मेण. शहरातले दंतवैद्य तोंडांचे ठसे पाठवीत आणि मामा-भाचे त्यांवरून दात घडवीत. ज्याचे दात त्याचे तोंड त्यांना कधी दिसत नसे. नियम एकच होता: काम पुरे झाले की चिठ्ठीच्या कोपऱ्यात करणाऱ्याने सही करायची. बिघडले तर कुणाचे कान धरायचे ते कळावे म्हणून, असे मामा सांगत. आठ वर्षांत भाच्याचे कान धरण्याची वेळ आली नव्हती. तुटका दात कुठे जोडला आहे हे खुद्द ज्याचा त्यालाही कळू नये, असे त्याचे काम असे.

उरलेल्या वेळात तो मौनाधिपती काढी.

झंझावात नावाच्या नायकाच्या त्या चित्रकथेत मौनाधिपती हा खलनायक होता. वाचक त्याला लाडाने मौन्या म्हणत. त्याच्याजवळ शस्त्र नव्हते. तो नुसता येई, आणि माणसांच्या डोक्यांवरचे बोलण्याचे फुगे पांढरे पडत. बाजार, शाळा, न्यायालय, सगळी तोंडे उघडी आणि सगळे फुगे रिकामे. इतर मुले झंझावात कधी येतो याची वाट पाहत. भाच्याला मात्र त्या पांढऱ्या फुग्यांपाशी थांबावेसे वाटे. वर्गात उभे केले की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि इथे एक माणूस होता, जो साऱ्या जगाला क्षणभर त्याच्यासारखे करून टाकीत असे.

एकोणीस वर्षांत त्याने शेकडो मौनाधिपती काढले आणि फाडले. राहिली अकरा चित्रे. त्यांतल्या एकावरही त्याची सही नव्हती. ज्याने मौन्याला जन्म दिला त्याने एकदा पाहावे आणि हात कसा आहे ते सांगावे, मगच खाली आपले नाव घालावे, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तर कुणीतरी हसून त्याला सोडवले असते.

आता मात्र मुदत होती. चित्रकथा बंद पडणार होती. शेवटचा अंक सगळा खलनायकांचा निघणार होता. त्यासाठी वाचकांकडून सहीनिशी दहा-दहा चित्रे मागवली होती, आणि ज्याची निवड होईल त्याला प्रकाशक आपल्या चित्रशाळेत साहाय्यक म्हणून घेणार होता. चित्रे सोमवारपर्यंत पोचवायची होती. चिठ्ठी आली तो शुक्रवार होता.

त्याने कवळीचे तुकडे मेणाने जुळवले, मागे प्लास्टर ओतले, भेगेच्या कडा घासल्या आणि गुलाबी लुकण भरले. उजव्या बाजूच्या दाढा झिजून सपाट झाल्या होत्या, डाव्या जवळजवळ कोऱ्या. हा माणूस एकाच बाजूने चावतो, हे भाच्याला त्याचा चेहरा पाहण्याआधीच कळले. चाकावर झिलई देताना त्याने ती इतक्या वेळा उजेडाकडे धरली की मामांना राहवेना.

"अरे, आरतीचं ताट आहे काय ते? दे पाठवून."

"मीच देऊन येतो. ते घराबाहेर पडत नाहीत, असं डॉक्टरांनी लिहिलंय."

मामांची नजर त्याच्या काखेतल्या जाड पुठ्ठ्याच्या फाइलवर गेली. ते काहीतरी लागट बोलणार होते, पण म्हणाले एवढेच, "भांग पाड. प्लास्टर आहे केसांत."

दार चित्रकारांच्या मुलीने उघडले. पन्नाशीची, बाह्या कोपरापर्यंत सारलेली. "त्यांना आता सगळंच आठवतं असं नाही हं," तिने चपला काढायच्या जागीच हळू आवाजात सांगितले. "सकाळी मला ओळखतात. दुपारी नर्स समजतात. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"नाही, ताई."

खोलीत चित्राचे टेबल नव्हते. जे टेबल होते त्यावर औषधे, कंगवा आणि उलटा घातलेला पेला. खिडकीपाशी चित्रकार बसले होते. गाल आत गेलेले, हात मांडीवर थरथरत. भाच्याने कवळी पाण्यातून काढून त्यांच्या तोंडात बसवली. त्यांनी दोनदा दात वाजवले, आणि चेहरा एकदम भरून आला, जणू घरी कुणी परतले.

"बोचतंय कुठे?"

"छे."

भाच्याने फाइल उघडली. जिन्यात त्याने एक वाक्य घोकले होते: ही चित्रं मी काढली आहेत, माझा हात कसा आहे तेवढं सांगा. त्यातले "ही चित्रं" एवढेच बाहेर पडले. तोवर चित्रकारांनी फाइल ओढून घेतली होती.

"कुठे सापडली ही?" त्यांचा आवाज चढला. "अगं, इकडे ये. मी म्हणत नव्हतो, माझी चित्रं कुणीतरी नेलीत? बघ. हा पूल मी तीनदा काढला. तिसऱ्यांदा सावली बसली."

मुलगी हात पुशीत आली. तिने चित्रे पाहिली, मग भाच्याकडे पाहिले, मग त्याच्या बोटांवरच्या शाईच्या डागांकडे. "बाबा, ही यांनी..."

"आणि सही कशी नाही माझी? पेन दे आधी."

ती हलली नाही, तेव्हा त्यांनी भाच्याच्या खिशातले पेन ओढून घेतले. भाच्याला बोलायचे होते. तोंड उघडलेही होते. पण त्या वृद्धाच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की मध्ये घालायला शब्द सापडेना. आणि तो शोधत असतानाच पहिली सही होऊन गेली होती. पेला धरवत नसलेला तो हात सही करताना हलत नव्हता. पाण्याच्या टाकीवर उभा मौन्या, त्याखाली सही. न्यायालयातला मौन्या, सही. एकेका चित्राची गोष्ट सांगत, हसत, त्यांनी दहा सह्या केल्या. लहानपणापासून ओळखीची मुंगीएवढी अक्षरे भाच्याने शाई वाळेपर्यंत पाहिली.

अकराव्या चित्रावर पेन थांबले.

ते सर्वांत शेवटी काढलेले चित्र. त्यात मौनाधिपतीने मुखवटा उतरवून ठेवला होता आणि तो एकटा, सकाळच्या उजेडात, आपला पेला विसळत होता. डोक्यावर एक रिकामा फुगा. हा प्रसंग कुठल्याच अंकात नव्हता. हा भाच्याचा स्वतःचा होता, आणि बाकीची दहा तो या एकावरून ओवाळून टाकायला तयार होता.

"हे माझं नाही," चित्रकार म्हणाले. "कुणाचं?"

"माझं." शब्द इतका स्वच्छ उमटला, की त्याचे त्यालाच नवल वाटले.

चित्रकारांनी मान वर केली. इतका वेळ विरळ, वाट चुकलेली ती नजर आता नेमकी झाली होती. समोर कुणीतरी शिकायला बसले आहे, अशी. त्यांनी चित्र लांब धरले, जवळ घेतले, पुन्हा लांब धरले. घाई केली नाही.

"हात सफाईदार आहे," ते म्हणाले. "पण आत कुणी नाही, बाळा. हा पेला धुतोय खरा, पण त्याला तहान लागली होती असं वाटत नाही. दुसऱ्याच्या रेषेवरून तू छान चालशील. स्वतःची काढायला गेलास की वाट संपते. वाईट वाटून घेऊ नकोस. पुष्कळांची संपते." आणि मायेने विचारले, "करतोस काय?"

"दात करतो. तुमचे मीच जोडले."

त्यांनी जिभेने टाळू चाचपली. "हे मात्र फार चांगलं केलंस. तुटलं कुठे होतं, कळत नाही." मग नजर पुन्हा विरळ झाली. "नर्सबाई, यांना चहा दिलात का?"

जिन्यात मुलीने त्याला गाठले. दहा चित्रे तिच्या छातीशी होती. "ही तुमची आहेत. मला कळलं हो. पण आज इतक्या महिन्यांनी ते..."

"असू देत त्यांच्याजवळ."

"शेवटच्या अंकासाठीच काढलीत ना ही? त्या अंकवाल्यांना मी सांगू का? की सही बाबांची असली तरी..."

"काय सांगाल, ताई? त्यांनाच ती स्वतःची वाटली."

भाच्याने तिला नमस्कार केला आणि पायऱ्या उतरला. फाइल हलकी झाली होती, तरी त्याने ती दोन्ही हातांनी धरली होती.

लॅबमध्ये मामा नव्या ठशासाठी प्लास्टर कालवीत होते. "बसली का?"

"बसली."

"काय म्हणाले?"

"फार चांगलं केलंस म्हणाले."

"मग? तोंड असं का?"

भाच्याने फाइलमधून अकरावे चित्र काढले, टेबलावर पालथे पसरले आणि प्लास्टरची वाटी त्यावर ठेवली, म्हणजे खाली ओघळ पडू नयेत. मामांनी चित्राकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले. दातांवरून, राक्षसावरून एखादी कोपरखळी नक्कीच त्यांच्या जिभेवर आली असावी. ती त्यांनी गिळली.

"सोमवारी तुला कुठे जायचं होतं ना?" थोड्या वेळाने त्यांनी विचारले.

"नाही जायचं."

"बरं." मामांनी खिळ्याला अडकवलेली चिठ्ठी काढून पुढे सरकवली. "सही राहिली तुझी."

भाच्याने चिठ्ठी घेतली. वर ते नाव होते, डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात. खालच्या कोपऱ्यात त्याने आपली सही केली, पेन टोपणात घातले, आणि वाटीतले प्लास्टर घट्ट व्हायच्या आत दुसऱ्या कुणाच्या तरी जबड्यात ओतायला घेतले.