वानगीचं पाणी

चैत्राचं ऊन ओतल्यासारखं. काळ्या कातळावर पिवळं, पळसावर तांबडं, गिरजाबाईच्या दारातल्या हापशावर चंदेरी. आणि पाणी? शुभ्र, शीतल, स्फटिकनिर्मळ. पाहावं अन् भुलावं.

नवरा गेल्यावर त्याच्या नावानं तिनं तो हापसा बसवला. वस्ती पाणी न्यायची, ती ओट्यावरून बघायची. मान ताठ. वाकायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

धाकटी लेक निशिगंधा शहरात पर्यावरण-भूशास्त्र शिकायची. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी बारा हापशांचं पाणी तपासायला बारा रिकाम्या बाटल्या घेऊन आली. म्हणाली, आपल्या खालच्या खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरतं, हाडं वाकवतं. आईनं फटकारलं, बापाच्या पाण्याला नावं ठेवायला शिकवलं का तुला? लेक हसली. घरची बाटली आईनंच भरावी म्हणाली, अन् बाकीच्या भरायला पलीकडच्या गावी गेली.

आता गिरजाबाईची चूक सांगते. बाजारात धान्याची वानगी न्यायची ती निवडून, पाखडून. त्या मुठीत घरची अब्रू असते. जन्मभराचा रिवाज. गिरजाबाई नदीच्या झऱ्यावर गेली, वाळू उकरली, पाणी तीनदा निवळू दिलं, बाटली भरली.

बाटल्या तपासल्या, अकरा हापशांना लाल रंग लागला. पिऊ नका, अशी खूण. हिचा तेवढा सुटला. मग अकरा हापशांच्या बाया इथंच आल्या. कळशीमागे कळशी, रांगेमागे रांग, श्रावण सरला, भाद्रपद सरला.

एका दुपारी निशिगंधा ओट्यावर कागद पसरून बसलेली. डोळे भरलेले, आभाळ भरावं तसे. खडक एकच, मग एकच हापसा निराळा कसा? सरांनी विचारलं होतं.

"आई, माझाच हात चुकला असंल का गं?"

समोर रांगेत वच्छला, ओली बाळंतीण, बाळाच्या ओठांना त्याच पाण्याचं बोट लावत होती.

गिरजाबाईनं ते बोट पाहिलं. "बाटली म्या झऱ्यावर भरली, निशे."

लेक रडली नाही, रागावली नाही. कागद गोळा केले.

"हे त्यांना तू सांग. मी नाही सांगणार."

तिनं सांगितलं. रांगेपुढे उभं राहून, पदर सावरून, एकेक शब्द खडकासारखा फोडून.

कुणी शिवी दिली असती तर तिनं झेलली असती, उलटून दोन हाणल्याही असत्या. कुणी दिली नाही. वच्छलानं पदरानं बाळाचे ओठ पुसले, पुन्हा पुसले, पुसतच राहिली. बाकीच्यांनी कळश्या कलंडल्या. एक, मग दुसरी, मग साऱ्याच.

अंगण ओलं झालं, उन्हात लखलखलं. एक चिमणी उतरली. तिनं चोच बुडवली, मान वर केली, गिळलं. आणि पुन्हा बुडवली.