रक्तपेढीतील जुन्या जोडणीची कैफियत

मी एक जुनी जोडणी, म्हणजे संगणकातले कनेक्शन, आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे अवघी अडीच महिन्यांची, पण आमच्या जातीत एवढे वय म्हणजे म्हातारपणच. आज संध्याकाळी मला बंद करणार आहेत. त्याबद्दल मी रडगाणे गाणार नाही. माझ्यावर आलेला आळ खोडून काढल्याशिवाय मात्र मी हलणार नाही.

आधी माझे काम सांगते. एका मोठ्या रुग्णालयात रक्तपेढी आहे. कोणत्या रक्तगटाची पिशवी कोणत्या फ्रीजमध्ये, कोणत्या कप्प्यात, ही सारी माहिती एका डेटाबेसमध्ये असते. कुणाला काही विचारायचे असले की संगणकातला प्रोग्राम आमच्यापैकी एकीला उचलतो. मी प्रश्न घेऊन डेटाबेसकडे धावते, उत्तर आणते आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसते. डेटाबेस शिस्तीचा फार कडक. नव्या जोडणीला तो दारातच उभी करतो, नाव विचारतो, पासवर्ड विचारतो, मग आत घेतो. प्रत्येक प्रश्नाला एवढे सोपस्कार कोण करत बसणार? म्हणून आम्हा दहा बहिणींना कायम तयार ठेवलेले असे. नियम एकच होता. काम झाले की जोडणी जागेवर परत ठेवायची.

सुरुवातीला आमचे कौतुक झाले. रक्तपेढीच्या तंत्रज्ञ बाईंना सगळे काकू म्हणतात. विचारायचा अवकाश की उत्तर हजर, असे त्या येईल त्याला सांगत. पुढे सवय झाली. मग कधी उत्तर रेंगाळले की दोष आमच्या माथी. संगणक विभागाच्या साहेबांनी त्यावर रामबाण उपायही शोधला होता. सगळे बंद करा आणि पुन्हा सुरू करा. तेवढ्याने गाडी रुळावर येई, त्यामुळे दुखणे नेमके कुठे आहे हे कुणी पाहिलेच नाही. असे शेवटचे झाले ते अडीच महिन्यांपूर्वी; तेव्हाच मी आले, बहिणी मात्र नंतर एकेक करून बदलत गेल्या. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय!

आज सकाळी एक फ्रीज बंद पडला. काकूंनी त्यातल्या पिशव्या घाईघाईने बाकीच्या चार फ्रीजांत हलवल्या. पिशव्यांना ओल सुटली होती, लेबले भिजून सुरकुतली होती. स्कॅनरला काही लेबले वाचताच येईनात. काकू ती पुसून पुन्हा वाचून घेत आणि नोंद होई. पण खरी मेख इथेच होती. लेबल वाचले गेले नाही की प्रोग्राम "अशी पिशवी नाही" एवढे सांगून मागच्या दाराने निघून जाई, आणि हातातली जोडणी परत ठेवायचे विसरे. नऊ लेबले फसली आणि माझ्या नऊ बहिणी तशाच लटकत राहिल्या.

उरले मी एकटी. साऱ्या रुग्णालयाचे प्रश्न माझ्या एकटीच्या पुढे रांग लावून उभे राहिले. मी धावत होते, मित्रांनो, क्षणभरही टेकले नव्हते.

दुपारी प्रसूती विभागातून निरोप आला. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिच्या दुर्मिळ गटाच्या दोनच पिशव्या पेढीत होत्या आणि त्या सकाळच्या गडबडीत हललेल्या. चार फ्रीज, शेकडो पिशव्या आणि शोधायला काकू एकट्या. त्यांनी प्रश्न टाकला. तो रांगेत तेविसावा होता. काकूंनी संगणक विभागाला फोन लावला. "मला दोन पिशव्यांचा पत्ता हवाय. बाकी काही नको, पण आत्ता हवाय."

साहेबांनी आमची यादी उघडली, माझे वय पाहिले आणि निकाल देऊन टाकला. "ही जुनी कनेक्शनंच घोळ घालतायत. सगळं बंद करून परत चालू करा."

परत चालू व्हायला सहा मिनिटे लागतात. रांगेतले सारे प्रश्न पुसले जातात, काकूंचासुद्धा. मला संताप आला. मी दमले नव्हते, मी अडले नव्हते, आणि शिक्षा मला आणि त्या बाळंतिणीला.

आमचा प्रोग्राम लिहिणाऱ्या ताई तिथेच होत्या. बंद करण्याचे काम त्यांच्याकडे होते, पण त्यांचा हात थांबला. त्यांनी यादी नीट वाचली. नऊ जणी निजलेल्या, आणि नऊ जणींचा शेवटचा प्रश्न एकच, लेबलाचा. तो भाग ताईंनीच लिहिला होता. त्या गप्प राहिल्या असत्या तर पुरावा आपोआप पुसला गेला असता आणि खापर माझ्यावर फुटले असते. पण त्या म्हणाल्या, "साहेब, ही जुनी एकटीच राबतेय. बाकीच्या नऊ मीच अडकवून ठेवल्यात. चूक माझी आहे."

त्यांनी फक्त त्या नऊ जणींना बंद करून मोकळे केले. त्यांच्या जागी नऊ नव्या आल्या आणि रांग भराभर सरकली. काकूंचा प्रश्न माझ्याच वाट्याला आला. मी उत्तर आणले: तिसरा फ्रीज, खालचा कप्पा. काकू धावल्या.

तासाभराने प्रसूती विभागाची नोंद माझ्याच हाती आली. "आणखी रक्ताची गरज नाही." अशी ओळ रुग्ण वाचला तरी येते, दगावला तरी येते. मग पुढची ओळ दिसली. "रक्तस्राव थांबला. बाळंतीण शुद्धीवर."

मित्रांनो, काम साधले की वस्तू जागेवर ठेवणारे पुष्कळ असतात. काम फसल्यावरही आठवणीने ठेवणारा विरळा. तुम्ही त्या विरळ्यांतले व्हा. ताईंनी आता प्रोग्राम सुधारला आहे. तो कोणत्याही दाराने बाहेर पडो, जोडणी आधी परत ठेवील. ही सुधारणा लागू करायला सगळे एकदा बंद करावेच लागते, म्हणून मीही बंद होणार.

खुशाल करा. बिघाडांच्या वहीत ताईंनी आपल्या हाताने लिहिले आहे, "कनेक्शनमध्ये दोष नव्हता." माझ्यामागे तेवढे वाक्य कुणी खोडायचे नाही.