चांदरीचा पान्हा

पोलादपूरच्या वरच्या माळावर आमचा धनगरवाडा, सहा घरांचा. मी त्यातली रखमा, आणि सहा घरांत तोंड माझंच वाईट. माझी म्हैस चांदरी आजउद्या व्यायला झालेली, पहिलंच वेत. तिची आय साप चावून मेली तेव्हापास्नं मीच तिला वाढवली. पोटच्या पोरांवर केली नसंल एवढी माया केली तिच्यावर.

माझा दीर आबाजी शिमग्याच्या आधी दरसाल माळावरचं वाळलं गवत पेटवतो. वरचं जळतं, मुळं मातीत जिती राहतात, मग कोवळे कोंब लवकर फुटतात. त्या दिवशी सकाळी अंगणात उभा राहून त्यानं विचारलं, सगळ्यांची गुरं घरी हायत का. चांदरी घरी नव्हती. व्यायला झालेली म्हैस आडोसा शोधते, ती दावं तोडून कारवीच्या झुडपात शिरलेली मला ठाऊक होतं. पण गवताच्या वाटणीवरनं आमचा आठवडाभर अबोला. मी बोलले नाय, भाकरी थापत बसले. म्हटलं, उन्हं उतरल्याबिगर हा कधी पेटवत नाय, तोवर आणते तिला. त्याला वाटलं, कोणी बोललं नाय म्हणजे सगळी घरी हायत. दुपारी त्याला पोलादपुरास जायचं होतं, म्हणून त्यानं लगेच काडी लावली.

वारा फिरला नि आग चढणीला लागली. मी गोधडी हंड्यात बुचकळून अंगावर घेतली, काठी उचलली नि पळत सुटले. कारवीच्या काड्या फटाफट फुटत होत्या. लावे भुर्रकन उडायचे नि धुरात गुदमरून खाली पडायचे. पाठ पेटलेला ससा माझ्या पायावरनं गेला, पुढं जिथं शिरला तिथलं गवतही पेटलं. वर घारी घिरट्या घालत होत्या, त्यांची चंगळ चालली होती मेल्यांची.

चांदरी कारवीच्या कडेला उभी होती, वर पळायच्या बेतात. वर सगळं वाळलं गवत, तिथं आगीनं तिला गाठलीच असती. वाचायची जागा एकच, जळून काळी झालेली जमीन, आणि ती आगीच्या पलीकडं. मधला जाळ एका जागी गुडघाभरच होता.

"चल गो बाय," मी म्हटलं. हलली नाय.

मग मारली. तोंडावर मारली, शिंगांच्या मुळात मारली. नाकातनं रक्त आलं तरी थांबले नाय. शिव्या घालत होते नि रडत होते. काठी मोडली तर मोडक्या काठीनं मारली. तिचा डावा डोळा गेला तो तेव्हाच. शेवटी आगीपेक्षा तिला माझं भ्या जास्त वाटलं, आणि ती जाळात घुसली. मी तिच्या मागनं.

पलीकडं गरम राखेत ती व्याली. रेडी झाली, जिवंत. आबाजी पाण्याचा हंडा घेऊन धावत आला, त्याचं तोंड पांढरंफटक पडलेलं. मी हातातली मोडकी काठी त्याच्या खांद्यात घातली. दोनदा घातली. त्यानं हात आडवा धरला नाय.

"वहिनी," तो म्हणाला, "मी विचारलं होतं."

मी काठी टाकली नि पदरानं रेडीचं अंग पुसत बसले.

आता माळ हिरवा झालाय. चांदरीचे सड भाजलेत, रेडीला ती लाथ मारते, दूध हातानंच काढून पाजावं लागतं. पण मी गोठ्यात शिरले की ती थरथरते, पान्हा चोरते. चार दिवस मी हातापाया पडले तिच्या, थेंब दिला नाय. रेडी उपाशी मरायला लागली. म्हणून दोन्ही वेळा आबाजी येतो. तो बसला की ती शांत रवंथ करत उभी राहते नि चरवी भरते.

मी कुडामागं उभी राहून बघते. आधी वारा कुठनं येतो ते बघते, माझा वास तिच्याकडं जाता कामा नये.