नानासोंची तक्रारवही आणि मी

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. अजून हादरलेलोच आहे, त्यामुळे सांगताना थोडं पुढंमागं झालं तर सांभाळून घ्या.

सर्व्हर म्हणजे ऑफिसच्या कोपऱ्यात बसून अखंड चालणारा कॉम्प्युटर. आटपाडीच्या आमच्या पाणीवाटप संस्थेतली सगळी शेतं आणि त्यांच्या पाण्याच्या पाळ्या माझ्या पोटात असतात. ज्याची पाळी आली त्याच्या मोबाईलवर मी आदल्या दिवशी निरोप धाडतो. आठ वर्षांपूर्वी मला सांगलीहून जीपमधून आणलं, तेव्हा पेढे वाटले होते. पहिला निरोप पोचला तशी अध्यक्ष जालिंदरतात्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पुढं माझ्या डोक्यावर फायलींचे गठ्ठे आले. मी कुरकुर केली नाही. म्हणजे पंखा थोडा वाजतो, पण ते वयानुसार.

यंदाची खंडेनवमी आली. सचिव नानासोंना पूजा अगदी साग्रसंगीत लागते. रांगोळीला जागा हवी म्हणून त्यांनी माझ्या शेजारचं लोखंडी कपाट स्वतः हातभर सरकवलं. मला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मी फुलून गेलो.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि माझं नेट तुटायला लागलं! दिवसातून एकदा, कधी दोनदा. दहाएक मिनिटांनी आपोआप परत यायचं, पण तेवढ्यात निघालेले निरोप वाटेतच राहायचे. मला सांभाळायला दीक्षा नावाची मुलगी आहे, तात्पुरत्या नेमणुकीवर. तिनं मला बंद करून चालू केलं, मोडेम बदलला, विट्याहून माणूस बोलावला. त्याच्यासमोर मी शहाण्यासारखा चाललो. “यंत्र ठीक हाय, हाताळणाऱ्याचं बघा,” म्हणून तो निघून गेला.

एकदा धुळा नावाच्या शेतकऱ्याचा निरोप राहिला. त्याची पाळी हुकली आणि डाळिंबाची बाग आठ दिवस कोरडी पडली. “ताई, माझं पाणी कुठं गेलं?” एवढंच त्यानं विचारलं.

नानासो दुपारी चिठ्ठ्यांवर मारायचा शिक्का घ्यायला कपाट उघडत. किल्ली त्यांच्याच खिशात असे. दीक्षा “नेट गेलं” म्हणाली, की ते त्याच कपाटातून तक्रारवही काढत आणि तिथंच उभ्यानं, घड्याळ बघून लिहीत: ‘दीक्षाच्या निष्काळजीपणामुळे आज पुन्हा नेट गेले.’

“तुझा हात लागला की जातंय बघ. लय झालं आता,” ते म्हणायचे.

खरं सांगतो, मलाही तिचाच संशय यायला लागला होता.

तिला कामावरून काढायची भाषा सुरू झाली. शनिवारी बैठक होती. शुक्रवारी दीक्षानं पहिल्यांदाच माझ्या पोटातली नोंद कागदावर काढली. नेट कधी गेलं, कधी आलं, मिनिटामिनिटाचं सगळं मी लिहून ठेवलेलं असतं. मधले दोन दिवस कोरे होते. त्या दोन दिवसांत नानासो कोरेगावला लग्नाला गेले होते आणि कपाटाला कुलूप होतं. तिनं कागदावरून मान वर करून कपाटाकडे बघितलं.

बैठकीत ती म्हणाली, “तात्या, काय ठरवायचं ते ठरवा. पर आधी नानासोंनी एकदा कपाट उघडावं.”

“कपाटाचा काय संबंध गं?” म्हणत नानासोंनी उघडलं.

माझा नेटचा हिरवा दिवा विझला.

“आता लावा.”

दिवा लागला.

“परत उघडा.”

विझला! तात्या गुडघे टेकून खाली वाकले. “आरं, वायर कपाटाच्या पायाखाली हाय की! दारं उघडली की कपाट पुढं कलतंय आन् वायर चेपतीया.”

मी थक्क झालो. ज्या कपाटातून तिच्याविरुद्ध वही निघत होती, त्याच्याच दारानं नेट जात होतं. तक्रार लिहून होईपर्यंत दार उघडं, दार लागलं की नेट हजर. आणि हे सगळं माझ्या पूजेपायी!

नानासोंचा चेहरा उतरला. त्यांनी वहीची पानं फाडायला घेतली.

“फाडू नका,” दीक्षा म्हणाली. “माझं नाव ऱ्हाऊ द्या तिथंच. फकस्त खाली खरं काय झालं ते लिवा.”

बावीस तक्रारी होत्या. प्रत्येकीखाली नानासोंनी ‘कपाट मी सरकवले होते’ असं लिहून सही केली. कुणी जागचं उठलं नाही. दीक्षाचं काम राहिलं, आणि तात्यांनी धुळाला जादा पाळी दिली.

मित्रांनो, आम्हाला हार घातला नाही तरी चालेल, आमच्या वायरी तेवढ्या मोकळ्या ठेवा. आणि कुणाचं नाव वहीत लिहिण्याआधी एकदा आम्हाला विचारा. बावीसच्या बावीस वेळा माझ्यापाशी लिहिलेल्या होत्या. तरी मीसुद्धा त्या पोरीवरच संशय घेत होतो, याची मला अजून लाज वाटते.