मुक्कामाचं गाव

दीनानाथ सरांनी उमेदीची वर्षं उंदीर पकडण्यात घालवली आणि लेबलावर मात्र जेवणाचं गाव लिहिलं, हे उल्काच्या लक्षात आलं तेव्हा तिची पन्नाशी जवळ आली होती आणि सरांची ऐंशी उलटली होती.

उल्काच्या बारा वर्षांच्या कामाचा मुद्दा साधा होता. सह्याद्रीचं प्रत्येक उंच पठार हे एक बेट. मधली दरी उतरून पलीकडे चढणं वीतभर उंदराला झेपत नाही. लाखो वर्षं इकडचे इकडे, तिकडचे तिकडे राहतात आणि शेवटी परके होतात. सदाशिव आणि नारायण पेठेत एवढ्यासाठी एक रस्ता पुरतो, पण त्यावर कोणी निबंध छापत नाही.

सरांनी जमवलेल्या, कापूस भरलेल्या उंदरांचे दात, शेपट्या आणि जनुकं तपासली, तर सरळ दोन गट पडले. नवी जात सापडली होती. फक्त सगळ्यांच्या पायाला एकच चिठ्ठी होती: कुसरवाडी. कुसरवाडी दरीत, दोन पठारांच्या मधोमध. दोन्ही गट एकाच गावचे, तर दरीने वेगळं केलं कुणाला, असं तिचा निबंध तपासणाऱ्या परीक्षकाने विचारलं होतं. त्याचं चुकलं नव्हतं.

पुन्हा पिंजरे लावावेत, तर दोन्ही पठारांवर आता बंगले झाले होते. तिथे घरातले उंदीर सापडले. ते घाटरस्त्याने माणसांबरोबर आले होते.

म्हणून ती उंदरांचं खोकं घेऊन सरांच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटवर गेली. सरांनी शांतपणे सांगितलं, की दौऱ्याच्या रजिस्टरात मुक्कामाचं गाव लागे, म्हणून लेबलावरही तेच. पिंजरे लावणारा धोंडिबा दोन पठारांच्या दोन पिशव्या वेगळ्या आणी. पाटलांकडे जेवण झालं की सर त्या एकाच चादरीवर ओतत. धोंडिबाला ठाऊक असतं, पण तो जाऊन नऊ वर्षं झाली.

मग सरांनी चष्मा पुसला आणि भराभर दोन ढीग केले. पूर्वेचे हे, पश्चिमेचे हे. सहीसुद्धा देतो म्हणाले.

उल्काने ते ढीग आपल्या दोन गटांशी ताडून पाहिले. एकही उंदीर चुकला नव्हता.

"सर, आठवून केलेत की शेपट्या बघून?"

"शेपट्या बघून. तू तरी दुसरं काय केलंस?"

तिने दोन्ही ढीग खोक्यात भरले; शेपटीवरून ठरवलेलं पठार हा पठाराचा पुरावा नव्हता. निबंध मागे घेते, असं संपादकांना तिथूनच फोनवर कळवलं. सरांनी मध्ये तोंड घातलं नाही, हे त्यांच्या मानाने पुष्कळ होतं.

"नव्या जातीला नाव कुणाचं देणार होतीस?"

"तुमचं."

सरांनी खोक्याचं झाकण लावलं.

"मग बरंच झालं," ते म्हणाले.