पैऱ्याची कात्री

मी कात्री बोलतेय. शिंप्याची नव्हे, न्हाव्याची तर नव्हेच. मी निपाणीतल्या एका गल्लीत बिडीची पानं कापते. गोड बोलणं आमच्या घराण्यात नाही, तेव्हा जे घडलं ते सरळ सांगते.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीतला. हायवेवर कुठलातरी ट्रक मोडला, त्याचा पाटा भंगारात आला आणि त्यातून लोहारानं मला ठोकून काढलं. ट्रकखाली असताना मी पुण्यापासून बेंगळुरूपर्यंत हिंडले असेन, पण कात्री झाल्यापासून दोन गल्ल्यांच्या पलीकडे गेलेली नाही. त्याची मला खंत नाही. एका जागी बसणाऱ्याला माणसं जास्त कळतात.

मला विकत घेतलं मनुबाईनं. तिचं काम असं : टेंभुर्णीची पानं ओल्या फडक्यात मऊ करायची, पत्र्याचा छोटा तुकडा पानावर ठेवायचा, त्याला फर्मा म्हणतात, आणि त्याच्या कडेनं मला फिरवायचं. मग कापलेल्या पानात चिमूटभर तंबाखू, एक गुंडाळी, दोऱ्याचा वेढा, आणि नखानं तोंड बंद. हे तोंड बंद करायचं काम लहान बोटांना चांगलं जमतं. म्हणून पोरगी सात-आठ वर्षांची झाली की तिला आईशेजारी पान-तंबाखूच्या सुपापुढं बसवायची या गल्लीत रीतच पडली. मुद्दाम कुणी वाईट वागत नव्हतं. आईचे हात कमी पडत होते आणि पोरीचे हात घरातच होते.

मनुबाईची सून बाळाबाई. तीसुद्धा माहेरी सातव्या वर्षी सुपापुढं बसलेली. लग्न होऊन आली ती स्वतःची नवी कात्री घेऊन, प्लॅस्टिकच्या मुठीची, नटवी. मनुबाई गेली आणि मी कोनाड्यात पडले. चार वर्षं गंज खाल्ला. बाळाबाईचा नवरा मारुतीराव तंबाखूच्या वखारीत कामाला होता. तिथल्या धुरळ्यानं त्याला दमा जडला आणि तो घरी बसला, हे मी कोनाड्यातूनच पाहिलं.

एक दिवस नटवीची मूठ मोडली. मोडणारच होती. मग मला घासून, तेल घालून, धार लावून खाली काढलं. "जुनं ते सोनं," बाळाबाई म्हणाली. चार वर्षांत या सोन्याची कुणाला आठवण झाली नव्हती!

आता मूळ गोष्टीकडे येते. ती गेल्या वर्षीची.

बाळाबाईची मुलगी दिपाली तेव्हा दहावीला होती. बापाचं काम सुटल्यापासून तिची शाळा आधी आठवड्यातून दोन दिवस बुडायची, मग तीन. ती घरी राहून तोंडं बंद करायची, दोरे बांधायची. तिच्या वह्यांनासुद्धा तंबाखूचा वास यायचा. बाकावरची मैत्रीण जरा सरकून बसते, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिनं वह्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली. पंधरा दिवसांत कव्हरांनाही तोच वास लागला.

मग शाळेतून चिठ्ठी आली. हजेरी अशीच राहिली तर मुलीला परीक्षेला बसता येणार नाही.

घरात ती चिठ्ठी दिपालीला सोडून कुणाला वाचता येत नव्हती, आणि दिपालीनं ती वाचून दप्तरात दडवली. उघडकीला आणली ब्राह्मीनं. ही कॉलेजात शिकणारी जैन शेतकऱ्याच्या घरची मुलगी. मराठी बोलता बोलता कधी कन्नडात शिरायची ते तिचं तिलाही कळत नसे. गल्लीच्या समाजमंदिरात ती संध्याकाळी मुलांचा वर्ग घ्यायची, आणि पाठोपाठ बायकांचा. मुलांच्या वर्गात दिपालीच्या दप्तरातून ती चिठ्ठी तिच्या हाती लागली. बायकांच्या वर्गात पहिल्या ओळीत बसायची अंबुबाई. चाळीस वर्षं बिड्या वळलेली, साठीच्या पुढची, आणि 'क' गिरवताना जीभ बाहेर काढणारी. चिठ्ठीचं कळल्याबरोबर अंबुबाई आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाळा, पोरीला शाळेत धाड."

"आक्का, धाडू कशी? हिच्याबिगर रोजचं काम पुरं हुईत न्हाय. माल कमी पडला तर कारखान्यातलं माझ्या नावाचं कार्ड बंद करत्यात, मग कामच मिळत न्हाय."

"आमच्या माहेरात भांगलणीला पैरा करत्यात. आज समद्याजणी तुझ्या रानात, उद्या माझ्या. त्येला कुणी उपकार म्हणत न्हाय. मग बिडीला पैरा का चालू नये?"

"मला फुकटचं कुणाचं नको."

"फुकट कोण द्यायलंय? तुझी पाळी येईल तवा तू फेडशील." अंबुबाई खाली बसली. तिचा आवाज उतरला. "माझ्या थोरलीला मी आठव्या वर्षी बसवली गं. ती आता सासरी वळत बसलीया. तिची पोरगी बी तिच्याजवळ बसलीया. हे माझ्या हातानं झालंय. एक तरी पोरगी माझ्या डोळ्यांदेखत उठू दे."

बाळाबाईनं होकाराची मान हलवली. मारुतीराव खाटेवरून काहीतरी बोलायला गेला आणि खोकत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून पैरा सुरू झाला. अंबुबाई धरून पाच बायका रोज आपापल्या वळलेल्या मूठ-मूठभर बिड्या बाळाबाईच्या टोपलीत टाकायच्या. दिपाली रोज शाळेत. दहा दिवस गल्लीत सण असल्यासारखं वाटत होतं. मला मात्र काहीतरी खटकत होतं. बिडीवर वळणारीचा हात उमटतो. अंबुबाईची बिडी पोटाला जाड, बाळाबाईची काडीसारखी घट्ट, तिसरीचा दोरा नेहमी दोन वेढ्यांचा. डोळे बांधून दिली तरी या बायका सांगतील कुणाची कुठली. पण रोज जे हाताखालून जातं, त्याचाच माणसाला विसर पडतो. पाचजणींपैकी एकीच्याही ते ध्यानात आलं नाही.

अकराव्या दिवशी मी चुकून टोपलीच्या तळाशी गेले आणि बाळाबाईबरोबर कारखान्याच्या माणसाकडे माल द्यायला पोचले. माल तपासायला नागेंद्रअण्णा, दहा दिवसांच्या रजेवरून नुकतेच परतलेले. त्यांनी बिड्या टेबलावर पसरल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"येन बाळाबाई, काय हे? तुम्हास्नी काय सहा हात फुटलेत?"

"माझाच माल हाय, अण्णा."

"वीस वर्षं बिडीच बघतोय मी. ही तुमची. ही अंबुबाईची. ही कुणाची म्हाईत न्हाय, पण तुमची न्हवं. एका कार्डावर दुसऱ्याचा माल घेतला तर उद्या माझी नोकरी जाईल."

वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. पण टोपलीतला माल परत आला, कार्ड आठ दिवस थांबलं, आणि पुन्हा असं झालं तर कायमचं बंद, हेही सांगून झालं.

घरी येऊन बाळाबाई कुणावर ओरडली नाही. तेच वाईट होतं. तिनं टोपली खाली ठेवली आणि दिपालीला म्हणाली, "उद्यापास्नं शाळा बंद. लोकांच्या हातावर आपलं घर चालत न्हाय."

पाचजणी धावत आल्या आणि ओट्यावर भांडण जुंपलं. तुझीच बिडी जाड, तुझाच दोरा दुहेरी. कात्री रिकामी वाजवली की घरात भांडणं होतात, असं लोक म्हणतात. त्या दिवशी मला कुणी वाजवलं नव्हतं, एवढं नोंदवून ठेवते. माणसं आपल्या हिमतीवर भांडत होती.

दिपाली रडली नाही. तिनं दप्तर खुंटीला अडकवलं, ओल्या पानांचं फडकं पुढं ओढलं, फर्मा घेतला, मला उचललं आणि कापायला बसली. रागारागानं, मान वर न करता, एकावर एक. पोरीच्या हाताला एवढी ताकद आहे हे मला त्या दिवशी कळलं. तिची ताकद आणि माझी धार, दोन्ही चुकीच्या कामाला लागत होत्या, आणि मला सांगता येत नव्हतं. इतकं वाईट मला कोनाड्यातसुद्धा वाटलं नव्हतं.

भांडणातून उठून अंबुबाई तिच्याजवळ आली. तिनं ढिगातलं एक पान उचललं.

"हे कुणी कापलं?"

"मी."

"आणि ही बाजूची?"

"ती आईनं, दुपारी."

अंबुबाईनं एक पान दुसऱ्यावर ठेवलं. कडेला कड लागली. तिनं दोन्ही ढीग एकत्र कालवले आणि ओट्यावरच्या बायकांना हाक मारली. "या गं भांडकुदळ्यांनो. सांगा, ह्यातलं आईचं कुठलं आणि लेकीचं कुठलं?"

कुणालाही सांगता येईना.

"नागेंद्रअण्णाचा आजा आला तरी सांगणार न्हाय!" अंबुबाई मांडीवर थाप मारून म्हणाली. "आपुन येड्यावानी वळून देत बसलो. कापून द्यायचं हुतं!"

मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. फर्मा तोच असला की कात्री आणि हात कुणाचाही असो, पान तेच निघतं. पण कात्रीला विचारतंय कोण?

बाळाबाई मात्र एकदा पोळलेली. चोरून काही करायचं नाही, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिनं नागेंद्रअण्णांना तोंडावरच विचारलं, "पोरीला शाळेत धाडायचीया. वळणार मीच. पानं दुसऱ्यानं कापली तर चालतंय?"

अण्णा कागद चाळत म्हणाले, "पान कोण कापतंय ते कारखान्यानं कवा विचारलंय? वळायचा हात तुमचा पायजे." आणि जरा थांबून, "पोरगी कितवीला हाय?"

आठ दिवसांनी कार्ड सुरू झालं, आणि तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता समाजमंदिराच्या पायऱ्यांवर पाचजणी बसू लागल्या. प्रत्येकीनं स्वतःची पानं आवरून मग बाळाबाईची थोडी कापायची. कापण्यात दिवसाचा मोठा वाटा जातो, तो असा वाचला. बाळाबाई घरी नुसती वळायची, म्हणून मी अंबुबाईच्या हाती गेले. शाळेतून आली की दिपाली पायऱ्यांवर बसून धडे मोठ्यानं वाचायची. ही अंबुबाईची अट होती. कापताना हात गुंततात, कान रिकामेच असतात, असं तिचं म्हणणं.

एकदा धडा आला, झाडाचं पान उन्हात स्वतःचं अन्न कसं तयार करतं त्याचा. अंबुबाईनं मला थांबवलं आणि हातातल्या पानाकडे बघत राहिली. "एवढं हुशार पान! आणि आपुन त्येचा धूर करतोय."

निपाणी कर्नाटकात, म्हणून कन्नडचाही पेपर, आणि तो दिपालीला जड. अक्षरं यायची, वाक्य अडायचं. त्यावर ब्राह्मीनं उपाय काढला. ती कन्नडात प्रश्न विचारायची, घरून माल बांधून आलेली बाळाबाई बाजारातल्या कन्नडात फाडफाड उत्तर द्यायची, आणि दिपाली ते नीट करून लिहायची. आपल्या तोंडचं वहीत उतरतंय हे बघून बाळाबाई पदर तोंडाला लावून हसायची. तिला हसताना मी त्याआधी फारसं पाहिलं नव्हतं.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. थंडीत दोघीजणी लग्नसराईत गुंतल्या. अंबुबाईचा अंगठा सुजला, तर तिनं माझ्या मुठीला चिंधी गुंडाळली आणि डाव्या हातानं कापायला शिकली. पहिले चार दिवस तिनं पानांची वाट लावली. बाळाबाई रागावली, तर अंबुबाई म्हणाली, "तुझी पोरगी बी पहिल्यांदा अक्षरं वाकडीच काढत हुती की." पण पैरा एकही दिवस मोडला नाही.

मार्चमध्ये परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी ब्राह्मीनं मोबाइल सगळ्यांसमोर धरला. गणितात काठावर पास, आणि कन्नडात सगळ्यात जास्त गुण! बाळाबाईनं दोनदा विचारलं, "कन्नडात? कन्नडातच न्हवं?" मारुतीराव खाटेवरून उठून दारापर्यंत आला. दिपाली आता पीयूसीला, म्हणजे अकरावीला जाते, आणि संध्याकाळी ब्राह्मीच्या वर्गात लहान मुलांना पाढे म्हणायला लावते. आवाज चांगलाच चढा आहे तिचा.

इथे मी थांबले असते. पण गेल्या महिन्यात बाळाबाईनं मला कमरेला खोचलं आणि ती मागच्या गल्लीत निघाली.

मी चकित झाले. ही बाई कधी कुणाच्या दारात जायची नाही. मागच्या गल्लीत टेम्पोवाल्या मष्णूचं घर. त्याची मुलगी तेजस्वी सहावीत. घरात नवं बाळ आलं, आईचं काम मागं पडलं, आणि तेजस्वीची शाळा बुडायला लागली. मष्णू दारातच उभा होता.

"आक्का, तुमचं झालं की. आता दुसऱ्याच्या पोरीची उठाठेव कशाला?"

कुणी या म्हणायची वाट न बघता बाळाबाई उंबऱ्याजवळ बसली. तेजस्वी गुडघ्यावर सूप घेऊन बसली होती. तिच्या मांडीवरून सूप काढून बाळाबाईनं स्वतःपुढं घेतलं, फर्मा पानावर ठेवला आणि मला चालवलं.

मष्णू बघत राहिला. आतून बाळाला थोपटत त्याची बायको म्हणाली, "तेजू, ऊठ. तोंड धू. घंटा व्हायची हाय अजून."

पोरीनं बापाकडे पाहिलं. मष्णूनं वाटेतून बाजूला होऊन खुंटीवरचं दप्तर काढलं आणि तिच्या हातात दिलं.

आता माझं वय झालंय. खिळा सैल झालाय, एका पात्याला खाच पडलीय, आणि जाड पान आलं की मी अडते. बाळाबाईच्या घरात नवी कात्री घ्यायचं बोलणं चाललंय. घ्या, जरूर घ्या. चार घ्या. पण मला पुन्हा कोनाड्यात टाकू नका. खिळा ठोका, धार लावा, आणि मागच्या गल्लीच्या शेवटच्या दारापर्यंत न्या. तिथे अजून दोन पोरी सुपापुढं बसल्यात, आणि शाळेची घंटा त्यांना रोज ऐकू येते.